तीन बोटं खाली

जळगावात सिग्नलला थांबले की शेजारचा मोटारसायकलवाला आधी माझ्या गाडीच्या पोटाखाली बघतो, मग काचेतून माझ्याकडे बघतो आणि मग हसतो. आत पन्नाशीकडे झुकलेली चष्मेवाली बाई आणि गाडी मात्र कॉलेजच्या पोरांसारखी जमिनीला टेकलेली. एकाने तर अंगठा वर करून 'भारी' अशी खूण केली होती. दुसऱ्याने हिरवा दिवा लागताच शर्यतीसाठी गाडी पिळली. मला दोघांचाही राग आला आणि अजून आहे. ओळखीचे लोकही काही कमी नाहीत. "मॅडम, या वयात हे शौक?" असं विचारून आपणच हसतात. उत्तराला थांबत नाहीत.

मग मीच सांगून टाकते. लहानपणी आलेल्या तापाने माझ्या दोन्ही पायांतला जीव नेला. मी चाकाच्या खुर्चीत बसते, जळगावच्याच पिंप्राळ्यात राहते आणि एरंडोलच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवते. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवायचा दांडा गाडीला बसवून घेतला आहे, तशा परवान्यासाठी जे हेलपाटे घालायचे ते घातले आहेत. गाडी चालवणं अवघड नव्हतंच. अवघड होतं ते गाडीत बसणं.

खुर्ची गाडीच्या उघड्या दाराला लावायची, खुर्चीची गादी आणि गाडीची सीट यांच्यावर एक गुळगुळीत फळी टाकायची आणि दोन्ही हातांवर जोर देत सरकत पलीकडे जायचं. बसलं की खुर्चीची चाकं काढायची आणि सांगाडा अंगावरून शेजारच्या सीटवर घ्यायचा. सपाट असेल तर हे सगळं मला एकटीला जमतं. पण गाडी कंपनीतून आली तेव्हा तिची सीट माझ्या खुर्चीपेक्षा तीन बोटं वर होती. तीन बोटं म्हणजे किती ती, असं चालत्या माणसाला वाटतं. त्याने एकदा पाय नाहीतच असं धरून, नुसत्या तळहातांवर अख्खं अंग चढाला लावून बघावं. मी अर्ध्यापर्यंत जायची आणि घसरून परत खुर्चीत यायची.

आणि मग लोक उचलायचे.

आपल्याकडे माणसं उचलायला फार तयार असतात. नुसतं अडलेलं दिसायचा अवकाश, लगेच "अरे, ताईंना उचला रे" म्हणून कुणीतरी हाळी देतं आणि दोघे धावत येतात. एकाचा हात काखेत, दुसऱ्याचा गुडघ्यांखाली. ओढणी कुठे, कुर्ता कुठे, त्यांना काही घेणं नसतं. डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं तर "सांभाळून, ताई" असं मलाच सांगतात. वर उचलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान असतं, म्हणून मला 'थँक यू' म्हणावं लागतं. मी आयुष्यभर हे 'थँक यू' म्हणत आले आहे आणि त्यातलं एकही मनापासून म्हटलेलं नाही. पोत्याला कुणी विचारत नाही, तुला कसं धरू म्हणून. मलाही कुणी विचारलं नाही.

खुर्ची उंच करता येत नव्हती, कारण मग वर्गातल्या टेबलाखाली माझे गुडघे जाईनात. म्हणजे गाडीच खाली आणायला हवी होती. तीन बोटं. दांडा बसवून देणारा धुळ्याचा गॅरेजवाला स्प्रिंगा बदलून द्यायला तयार झाला, पण हसत हसत म्हणाला, "ताई, गाडी खाले बसाडी देसू, पन हाई पोरेसनं काम शे." म्हटलं, असू दे पोरांचं काम, तू कर. त्याने केलं. पण स्प्रिंगांनी गाडी दोनच बोटं खाली आली. त्याहून खाली घेतली तर खड्ड्यात बूड आपटेल, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते मला पटलं. उरलेलं एक बोट टायरमधून काढायचं होतं.

टायरच्या अंगावर आकडे असतात. आपण गाडी घेतो, विकतो, पण ते कधी वाचत नाही. मी वाचले. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे ते, आणि शेवटी रिमचे इंच. माझ्या गाडीला होते एकशे पासष्ट, ऐंशी, चौदा इंची. मी आयुष्यभर टक्केवारीच शिकवत आले, त्यामुळे हिशोबाला वेळ लागला नाही. रिम तीच चौदा इंची ठेवायची आणि टायर घ्यायचा एकशे पंचाहत्तर, पासष्टचा. टायर जरा रुंद, पण भिंत बुटकी. अख्ख्या चाकाची उंची जेवढी कमी होते त्याच्या निम्म्याने, म्हणजे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी, गाडी खाली बसते. शिवाय भिंतीत खड्डा सोसण्याइतकं रबर शिल्लक राहतं. काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवणार, तर दाखवू दे. एकटीचं आणि खुर्चीचं वजन टायर सहज पेलतो, तेही बघून ठेवलं होतं.

हे सगळं तयार करून मी जळगावातल्या एका टायरच्या दुकानात गेले. सोबत पिंप्राळ्याचे शेजारी होते. त्यांच्याकडे स्कूटर आहे, गाडी नाही, त्यांनी चारचाकीचा टायर कधी हात लावून पाहिलेला नाही. दुकानदाराने माझ्याकडे एकदा पाहिलं, खुर्चीकडे दोनदा पाहिलं आणि शेजाऱ्यांना म्हणाला, "सर, मॅडमना सतरा इंची अलॉय घ्यायला सांगा. खाली बसवलेल्या गाडीला मोठी रिमच शोभते. लूक येतो."

मी म्हटलं, "गाडी माझी आहे. माझ्याशी बोला."

"हो, हो," तो शेजाऱ्यांनाच म्हणाला.

सतरा इंची रिम म्हणजे टायरची भिंत पुरणपोळीएवढी पातळ. एरंडोलच्या रस्त्यावर एक खड्डा चुकला की रिम वाकली, टायर फुटला. टायर फुटला तर बाकीचे लोक उतरतात, जॅक लावतात, हात झटकून पुढे जातात. मी काय करायचं? हायवेच्या कडेला काच खाली करून कुणीतरी उचलणाऱ्याची वाट बघत बसायचं? हे मी त्याला सांगितलं. तर म्हणाला, "मॅडम, एवढा निगेटिव्ह विचार नाही करायचा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाय त्याचे शाबूत, रस्ता माझा, आणि विचार कसा करायचा हे शिकवणार तो. मी तिथेच खुर्ची काउंटरला आडवी लावली आणि सांगितलं की एकशे पंचाहत्तर, पासष्ट, चौदा इंची आहेत की नाहीत तेवढं सांगा. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. मग टायर निघाले. आत होतेच की.

ते बसवून झाले, पण मी फळी काढायच्या आत दुकानातल्या पोरांनी मला उचलून सीटवर ठेवलं. घरी येऊन उतरले आणि पुन्हा गाडीच्या दाराशी फळी टाकली. फळी सपाट पडली. मी सरकले आणि पलीकडे सीटवर जाऊन बसले, इतकंच. आजूबाजूला कुणी नव्हतं, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाला थँक यू म्हणायचं नव्हतं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बराच वेळ रडले. मग गाडी काढून उगाचच पाळधीपर्यंत जाऊन आले.

गतिरोधकावर गाडी तिरकी घालावी लागते, एक चाक आधी, मग दुसरं. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. त्या टायरांवर मी रोज कॉलेजला जाऊ लागले. तोवर सुट्टीच्या दिवशी कुठे जायचं तर आधी उचलणारा शोधायचा, मग जागा ठरवायची. ते संपलं.

आता सावद्याची गोष्ट.

सावद्याला माझा मोठा भाऊ असतो, केळीची शेती करतो. आई त्याच्याजवळ असते. थंडीत त्याच्या घरी भरताचा मोठा बेत असतो, पऱ्हाट्यांवर, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजायची आणि सगळे नातेवाईक जेवायला. त्या वर्षी पहिल्यांदाच मी माझ्या गाडीने, माझी मी गेले. भुसावळ, फैजपूर करत ऐटीत गेले. त्याच्या गल्लीत मात्र पाण्याच्या पाइपासाठी रस्ता आडवा खणून वर मातीचा उंचवटा करून ठेवला होता. गाडी तिरकी घालायला गल्लीत जागा नव्हती. ती पोट घासत गेली, 'खर्रर्र' असा मोठा आवाज झाला आणि अंगणातले सगळे पाहुणे वळून बघायला लागले.

भावाचा चेहरा पडला. सावद्याकडे गाडी कुणाचीही असो, कधी ना कधी तिच्यात केळी चढतात. म्हणून नवी गाडी आणली, पूजा झाली, की पहिल्याच आठवड्यात मागच्या स्प्रिंगांमध्ये रबराचे जाड बफर बसवून तिचं बूड उचलून घेतात. तिकडे उंच गाडी म्हणजे कर्त्या माणसाची गाडी. आणि ह्याच्या बहिणीची गाडी पाव्हण्यांच्या देखत फरफटत आली.

मी उतरून आत गेल्यावर तो म्हणाला, "किल्ली दे व. धूळ किती झाली, धुऊन आणतो." मी दिली. भाऊ आहे, किल्ली मागतो, का नाही द्यायची? मी बायकांमध्ये वांगी सोलत बसले. पहिली पंगत उठली, दुसरी उठली, यजमानाचा पत्ता नाही. वहिनी दोनदा दारापर्यंत जाऊन आली.

शेवटी तो आला. गाडी अंगणात उभी करून उतरला आणि लग्नात नवरदेवाच्या घोड्याशेजारी उभं राहावं तसा उभा राहिला. गाडी पुढून मागून उंच झाली होती. चारी स्प्रिंगांत बफर, आणि खाली पंधरा इंची रिमवर नवेकोरे मोठे टायर. कंपनीतून आली होती त्याहूनही वर.

"पाह्य, आता कशी उभी राह्यली," तो म्हणाला. "आता नही घासणार." पाहुणे म्हणाले, वा, भाऊ असावा तर असा. एकाने टायरवर लाथ मारून बघितली. पैसे घेणार नाही, भाऊबीज समज, असंही त्याने वर सांगितलं.

माझ्या तळपायांना काही कळत नसलं तरी तिथली आग बरोबर मस्तकात गेली.

"माझे टायर कुठे आहेत?" मी विचारलं.

"मळ्यात पाठवले. केळीच्या गाड्याले लावू. चांगले आहेत, वाया काहून घालवायचे?"

मी खुर्ची गाडीजवळ नेली. दार उघडलं, फळी टाकली. फळी उभीच राहिली, घसरगुंडीसारखी. तरी मी हात टेकले. सगळ्यांच्या देखत मी तो चढ चढायला लागले आणि सगळ्यांच्या देखत घसरून खाली आले. पुन्हा केलं, पुन्हा आले.

"त्यात काय, मी उचलतो न," भाऊ म्हणाला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याचे हात माझ्या काखेत होते.

मी त्याच्या हातावर चापट मारली, चांगली जोरात. तो मागे सरकला. एवढ्या माणसांत धाकट्या बहिणीने हात उगारलेला कुणी पाहिला नसेल.

"मले मारलं?" तो म्हणाला. "भावानं उचललं तर तुले लाज वाटते?"

"आज तू उचलशील. उद्या सकाळी पिंप्राळ्यात कोण उचलेल? एरंडोलला कोण उचलेल?"

"कॉलेजात शिपाई आहे न."

बघा म्हणजे. शिपायाने मला रोज येता-जाता काखेत धरून उचलायचं, हे ह्याने ठरवूनही टाकलं. मला नाही विचारलं, त्या बिचाऱ्या शिपायालाही नाही विचारलं. मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण हे आठवतं: "गाडी घासते ती तुला दिसली. मी तिच्यात एकटी चढते ते नाही दिसलं? वर्षानुवर्षं उचलतोस, एकदा तरी विचारलंस का रे, उचलू का म्हणून? आणि धुऊन आणतो म्हणालास, धुतलीही नाहीस."

गाडी खरंच धुतलेली नव्हती. शिवाय त्याने ती अंगणात वळवली तेव्हा मोठे टायर आतल्या प्लास्टिकला घासून कर्र वाजले होते, ते मी ऐकलं होतं. म्हणजे घासायची ती घासतच होती, फक्त जागा बदलली होती.

भाऊ ओट्याच्या पायरीवर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "गाडी आली तव्हापासून तू फोन करत नही. पहिले दिवाळी असो, लग्न असो, मीच येत होतो तुले न्यायले. आता कोणाच्या तरी तोंडून कळते, ती लग्नाले येऊन गेली म्हणून."

ते खरं होतं, आणि माझा राग त्याने कमी झाला नाही. उलट वाढला. ह्याला माझी आठवण येत होती, तर येत होती म्हणून सांगायचं. त्यासाठी मला पुन्हा ओझं करून ठेवायची काय गरज होती?

"जेवायला बोलावलं असतं रे तुला," मी म्हटलं. "रोज बोलावलं असतं. उचलायला कशाला बोलावू?"

तो उठला आणि मळ्याकडे गेला. मी अंगणातच बसून राहिले. पाहुणे एकेक करून निघाले, जाताना कुणी माझ्याकडे बघेना. वहिनीने चहा आणला, तो मी प्यायले. भाऊ माझ्या गाडीची चाकं छोट्या टेम्पोत घालून घेऊन आला तेव्हा त्यांना ओली माती लागलेली होती. एक तर गाड्याला लावूनही झालं होतं म्हणे. गॅरेजवाल्याला त्याने घरीच बोलावलं. अंगणात जॅक लागला, बफर निघाले, मोठे टायर निघाले, माझे चढले. संध्याकाळ व्हायला आली होती.

मी फळी टाकली. सपाट पडली. मी सरकून सीटवर गेले. भाऊ शेजारी उभा होता. त्याने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट धरून ठेवले होते, सवयीने पुढे येऊ नयेत म्हणून. मी चाकं काढायला वाकले तेव्हा तो म्हणाला, "ही खुर्ची मी मागे ठेवू का?"

म्हटलं, "ठेव." त्याने ठेवली.

एवढ्यात पलीकडचं दार उघडलं. आई होती. दिवसभर ओट्यावर बसून ती सगळं बघत होती. तिचे गुडघे गेलेत. भावाची मोठी जीप दारात असते, पण गेली काही वर्षं ती कुठेच जात नाही, लग्नाला नाही, देवाला नाही, माझ्याकडेही नाही. कंटाळा येतो म्हणते, आणि आम्हाला सगळ्यांना ते खरंच वाटत होतं. आता तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. तिने पाठ गाडीकडे केली, सीटवर टेकली, मग एकेक पाय हातांनी धरून आत घेतला, मी घेते तसाच.

भाऊ धावत त्या बाजूला गेला. "माय, थांब, मी..."

"हात नको लावू," ती म्हणाली.

तो थांबला. "कुठी चालली?"

"हिच्या घरी. जळगावले."

"अन् माह्या गाडीत कितींदा म्हटलं, चाल म्हणून. तव्हा काहून नही आली?"

"तुह्या गाडीत तू उचलून ठेवतो."

"मंग सांगायचं न, माय."

"तू कव्हा इचारलं?"

आईने पिशवी मांडीवर घेतली आणि दार स्वतःच ओढून लावलं.